एकशे सतरा नंबरचं रक्त

समजा, सकाळचे साडेसहा वाजलेत आणि तुम्ही सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या एका घरात, बाहेरच्या खोलीत बसला आहात. समोर खुर्चीत एक वजनदार गृहस्थ आहेत. त्यांचा रक्तदाब तुम्हाला मोजायचा आहे, आणि त्याआधी नियमाप्रमाणे त्यांना पाच मिनिटं गप्प बसवायचं आहे. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीवर, तोंड बंद. तुम्हीही बोलायचं नाही. घड्याळ लावा आणि करून बघा.

पहिल्या मिनिटाला ते विचारतील, "तुमचं मूळ गाव कुठलं म्हणायचं?" तुम्ही ओठांवर बोट ठेवाल. दुसऱ्या मिनिटाला आतून बाई चहा घेऊन येतील. तुम्ही मान हलवाल. त्यांना वाटेल पाहुण्याला साखर चालत नाही, त्या बिनसाखरेचा करायला परत आत जातील. तिसऱ्या मिनिटाला शेजारी दारातून डोकावतील आणि दोन माणसं समोरासमोर अशी न बोलता बसलेली बघून हळूच विचारतील, "कोण गेलं?" घरातले सगळे एकदम उत्तर देतील. घड्याळ पुन्हा पहिल्यापासून लावा.

चांदसाब मुजावर हे काम दीड वर्ष करत होते. एका खासगी संशोधन केंद्राचा प्रकल्प होता. वजन जास्त असलेल्या दोनशे माणसांच्या रक्तातली काही प्रथिनं मोजायची आणि त्यांचा रक्तदाबाशी काही संबंध लागतो का ते बघायचं. अंगात चरबी वाढली की शरीर आतून धुमसत राहतं आणि त्या धगीच्या खुणा रक्तातल्या प्रथिनांत दिसतात, असा साधारण हिशेब. त्यातलं सीआरपी नावाचं प्रथिन यकृतात तयार होतं. ते एकपेक्षा खाली असेल तर बरं, तीनच्या वर गेलं तर जास्त. मी त्या प्रकल्पात आकडे संगणकात भरून त्यांचे आलेख काढत होतो. रक्त आणायचे चांदसाब.

त्यांना घेतलं होतं ते दोन गोष्टींसाठी. एक तर बावीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त घेऊन त्यांचा हात इतका हलका झाला होता की सुई टोचून बाहेर आल्यावर लोक विचारायचे, "आता टोचणार का?" दुसरं म्हणजे त्यांना मराठी, कानडी, तेलुगू आणि घरची दख्खनी अशा चार भाषा येत. चारही भाषांत ते लोकांना गप्प बसा म्हणून सांगू शकत. चारही भाषांत लोक त्यांचं ऐकत नसत.

चांदसाबांचं वय पंचावन्न, वजन ब्याण्णव किलो. वडील शिंपी होते. ते छप्पन्नाव्या वर्षी मशीनवर बसल्या बसल्या एका बाजूला कलले आणि सात दिवसांत गेले. आयुष्यात कधी दवाखान्यात गेले नव्हते. त्यांना दाब होता हे घरच्यांना मृत्यूच्या दाखल्यावर कळलं. येत्या फेब्रुवारीत चांदसाबांना छप्पन्नावं लागणार होतं. ते कुणाला बोलले नव्हते, पण आपल्याही रक्तात तेच चाललंय का, एवढं एक त्यांना फेब्रुवारीच्या आत कळायला हवं होतं.

प्रकल्प हाती आला तेव्हा त्यांना वाटलं, हे तर आपल्यासाठीच आलंय. वजन बसत होतं, वय बसत होतं. ते डॉ. सिद्धेश्वरी हत्तुरे यांच्याकडे गेले. प्रकल्प त्यांचा.

"मॅडम, माझं पण नाव घाला की."

"चांदसाबभाई, स्टाफला घेता येत नाही. नियम आहे."

"रक्त तर रक्तच हाय की, मॅडम. स्टाफचं काय निराळं असतं?"

"रक्त तेच असतं. पण स्टाफला काय मोजायचंय ते आधीच माहीत असतं ना."

मग बाहेर कुठं तपासायचं, तर तीही अडचण. सोलापुरातल्या कुठल्याही लॅबमध्ये त्यांनी बाही वर केली असती, तर रिपोर्ट यायच्या आत बातमी घरी पोचली असती. घरी त्यांची पत्नी, झीनतभाभी. त्यांचं एकच म्हणणं असायचं, "सारे गांव का दाब देखते, अपना कब देखते जी?"

"देखता ना. फुरसत नै मिलती."

फुरसत नाही हे खोटं नव्हतं. पण दाबाचं मशीन रोज सकाळी त्यांच्याच पिशवीत असायचं आणि त्याचा पट्टा स्वतःच्या दंडाला गुंडाळायला मिनिटसुद्धा लागत नाही. तो त्यांनी कधी गुंडाळला नाही. दाब समजला असता तर लगेच काहीतरी करावं लागलं असतं. प्रथिनांचं तसं नव्हतं. ती नवी होती, शास्त्रातली होती, आणि त्यांच्यावर गोळी नव्हती.

एकशे सतरा नंबरचे सहभागी म्हणजे रुद्रप्पा. पेठेतच त्यांचं ज्वारीचं दुकान, माल मंगळवेढ्याचा. वजन अठ्ठ्याण्णव किलो. शंभर किलोचं पोतं ते अजून एकट्यानं उभं करत, पण सुईला ते भीत. हे गुपित त्यांनी पन्नास वर्षं सांभाळलं होतं. फॉर्मवर सही त्यांच्या पत्नीनं, सुंदरम्मांनी करायला लावली होती. पहिल्या सकाळी चांदसाबांनी दाब मोजला. एकशे बावन्न आणि चौऱ्याण्णव. मग सुई काढली.

"आज सोमवार हाय," रुद्रप्पा म्हणाले. "सोमवारी आमच्यात रक्त सांडत न्हाईत."

"सांडत न्हाय हो अण्णा, नळीत भरतो."

"नळीत भरलं तरी सोमवारच की."

बुधवारी अमावस्या निघाली. शुक्रवारी दुकानात माल उतरायचा होता. पुढच्या मंगळवारी ते चहा पिऊन बसले होते आणि मग आनंदानं म्हणाले, "अरेरे, उपाशीपोटी पायजे होतं न्हवं? ध्यानातच न्हाय बघा." पाचव्या खेपेला सुंदरम्मा देवळात गेल्या होत्या. घरात दोघंच होते. रुद्रप्पांनी दार लोटून घेतलं.

"चांदसाबभाई, खरं सांगू का? मला जमत न्हाय ते."

"एवढीशी सुई हाय, अण्णा."

"ती एवढीशीच असती. मीच मोठा हाय न्हवं, म्हणून जास्त भ्या वाटतं." मग ते पुढं झुकले. "तुमचं वजन किती?"

"ब्याण्णव."

"मग झालं की! माझ्या नावानं तुमचंच घ्या. पाच-सहा किलोनं काय फरक पडतोय? तराजूत आमी एवढं सोडतोच."

चांदसाब हसले. बावीस वर्षांत त्यांनी एक नळी इकडची तिकडं केली नव्हती. चुकीची चिठ्ठी चिकटवली म्हणून एका पोराला त्यांनी लॅबमधून काढायला लावलं होतं. तरी ते हसत असताना त्यांचा उजवा हात डाव्या हाताची बाही वर करत होता, असं त्यांनीच मला पुढं सांगितलं. रबरी पट्टा दातांत धरून त्यांनी स्वतःचं रक्त स्वतःच काढलं. रुद्रप्पा तोंड भिंतीकडं करून उभे होते.

"झालं का?"

"झालं."

"दुखलं न्हाय ना?" रुद्रप्पांनी मनापासून विचारलं.

चांदसाबांनी नळीवर चिठ्ठी चिकटवली: एकशे सतरा. आपल्या नावानं येणारा कागद उघडायचं त्यांना धाडस झालं नसतं. दुसऱ्याच्या नावाचे कागद तर ते आयुष्यभर उघडत आले होते.

अडीच आठवड्यांनी कागद आला. सीआरपी चार पॉइंट सहा. चांदसाबांनी तो गाडीवरच, सायकलच्या दुकानासमोर थांबून वाचला. तीनच्या वर म्हणजे जास्त, हे त्यांना पाठ होतं. पण कागदावर नाव रुद्रप्पांचं होतं आणि तो त्यांना नेऊन देणं भाग होतं. नियमच होता तसा.

सुंदरम्मांनी कागद हातात घेतला. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण ठळक अक्षर कळत होतं.

"हे काळं कशापाय छापलंय?"

"जरा जास्त आलंय, अक्का."

"कुटं जास्त आलंय?"

"रक्तात."

सुंदरम्मा खाली बसल्या. नवऱ्याचा दाब वाढलेला त्यांना ठाऊक होता, डॉक्टरांना दाखवा असं चांदसाबांनी तेव्हाच सांगितलं होतं. पण त्याचं त्यांनी फारसं मनावर घेतलं नव्हतं. दाब काय, चढतो आणि उतरतो, पेठेत सगळ्यांनाच आहे. रक्तात उतरलं म्हणजे मात्र गोष्ट निराळी. त्यांनी तिथल्या तिथं उठून रुद्रप्पांच्या समोरची ताटली उचलली. ताटलीत कडक भाकरी होती, शेंगाची चटणी होती, तळलेला पापड होता, लोणचं होतं.

"आजपासनं मीठ बंद. पापड बंद. दुकानात जाताना चालत जायचं."

"अगं, पण मला काय झालंय?"

"कागुद काय खोटं बोलतोय? इचारा चांदसाबभाईंना."

रुद्रप्पांनी चांदसाबांकडं बघितलं. चांदसाबांनी फरशीकडं बघितलं. दोघांपैकी एकानं जरी तोंड उघडलं असतं तरी गोष्ट तिथंच संपली असती. पण एकाला सुईची लाज होती, दुसऱ्याला नोकरीची काळजी.

आता उचललेल्या ताटलीचं काय करायचं? भरलेली ताटली परत आत न्यायची त्या घरात पद्धत नव्हती. सुंदरम्मांनी ती चांदसाबांच्या समोर ठेवली.

"तुमी खावा. सकाळपासनं उपाशी फिरता लोकांसाठी."

"नको अक्का, खरंच नको."

"का? तुमच्या रक्तात काय झालंय?"

चांदसाबांनी खाल्लं.

त्यानंतर हा क्रमच पडला. दर पंधरा दिवसांनी दाब मोजायला ते जात आणि सुंदरम्मा त्यांच्यासाठी वेगळं काढून ठेवत. रुद्रप्पांची चटणी, रुद्रप्पांचे धपाटे, संक्रांतीला रुद्रप्पांच्या वाटणीच्या चार शेंगापोळ्या. रुद्रप्पा समोर बसून आळणी ताक पीत आणि चांदसाबांच्या घासाघासावर नजर ठेवत.

"कशी झालीय चटणी?"

"बरी हाय."

"नुसती बरी? मीठ पडलंय न्हवं त्यात? मग बरी म्हणून काय सांगता!"

फेब्रुवारी आला. चांदसाबांना छप्पन्नावं लागलं. त्या दिवशी ते कामावर नेहमीसारखे आले, पण जिने चढताना दोनदा थांबले. मी विचारलं तर म्हणाले, "गुडघा." सहा महिन्यांची दुसरी तपासणी जवळ येत होती. आकडा चढलाय की उतरलाय, हे त्यांना कळायला हवं होतं. रुद्रप्पांनी पुन्हा दार लोटलं, पुन्हा भिंतीकडं तोंड केलं.

या खेपेला आकडे माझ्यासमोर आले तेव्हा मी ते तीनदा तपासले. एकशे सतरा नंबरचं वजन अठ्ठ्याण्णववरून एकोणनव्वद. दाब एकशे बावन्नावरून एकशे अठ्ठावीस. सगळं कसं पुस्तकात लिहिल्यासारखं, आणि सीआरपी चार पॉइंट सहावरून सहा पॉइंट नऊ. आलेखावर बाकी सगळे ठिपके मेंढरांसारखे कळपानं चालले होते आणि हा एकटा उलट्या दिशेनं निघाला होता. मी तो मॅडमना दाखवला. कुठल्याही संशोधकाला असा ठिपका सापडला की स्वर्ग दोन बोटं उरतो. मॅडमनाही तसंच झालं.

"वजन कमी, दाब कमी, आणि हे वाढतंय? का वाढतंय? या माणसात काहीतरी वेगळं आहे. याला पुन्हा तपासायला हवं. मी स्वतः येते."

चांदसाब दारात उभे होते. ते म्हणाले, "मॅडम, सर्दीनं पण वाढतं की."

"म्हणूनच पुन्हा बघायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम, चांदसाब आणि मी असे तिघं गेलो. डॉक्टरीण घरी आली म्हणून सुंदरम्मांनी सतरंजी अंथरली होती. रुद्रप्पा खुर्चीत बसले होते. नऊ किलो उतरून त्यांचा चेहरा निवळला होता, पण मॅडमनी पिशवीतून सुई काढताच तो पांढरा पडला.

"घेतलंय की परवापरवा! रोज रोज किती घेता?"

"एकदाच, काका. कुठल्या हातातून घेतलं होतं? मी दुसऱ्या हातातून घेते."

"उजव्या," रुद्रप्पा म्हणाले.

"डाव्या," चांदसाब त्याच क्षणी म्हणाले.

मॅडमनी एकदा याच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघितलं. दोघंही आपापलं उत्तर बदलायला निघाले आणि पुन्हा एकाच वेळी उलटसुलट बोलून बसले. मग रुद्रप्पांनी अंग टाकून दिल्यासारखं केलं.

"न्हाय हो बाई. माझं न्हाय ते रक्त. मला सुईचं भ्या वाटतं. ह्यांचं हाय ते. दोनी बारीला."

मॅडमच्या हातातली सुई तशीच राहिली. एका मिनिटात त्यांच्या हातून एक शोध गेला होता. त्या काही बोलायच्या आत सुंदरम्मा पुढं झाल्या.

"म्हंजे रक्त चांदसाबभाईंचं?"

"व्हय."

"आन मीठ बंद केलं मी ह्यांचं?"

"व्हय, अक्का."

"आन ह्यांच्या ताटातलं काढून खाऊ घातलं कुणाला? तुमालाच!" त्यांनी कपाळाला हात लावला. "सहा म्हैने! ज्याचं दुखणं त्याला पापड, आन ज्याचं काय न्हाय त्याला ताक!"

रुद्रप्पांना एवढ्यात धीर आला होता. "तेच म्हणतो मी. रक्त माझं न्हाय, मग पथ्य माझं कशाला? आण बघू चटणी."

"गप बसा! रक्त त्येंचं, पण पोट कुणाचं व्हतं?"

मॅडमनी सुई पिशवीत ठेवली आणि दाबाचं मशीन काढलं. चांदसाबांना म्हणाल्या, "बसा."

"मॅडम, मी चुकलो. मी लिहून देतो..."

"ते नंतर. आधी बसा. शेवटचा दाब कधी मोजला होता तुमचा?"

चांदसाब खुर्चीत बसून बाही वर सारू लागले. मॅडमना ते उत्तर पुरलं.

एकशे चौसष्ट आणि एकशे दोन. थांबून पुन्हा मोजला. एकशे बासष्ट आणि शंभर.

"हे प्रथिन शोधायला तुम्ही दुसऱ्याच्या नावानं दोनदा टोचून घेतलंत," मॅडम म्हणाल्या. "आणि हे मशीन दीड वर्ष तुमच्या खांद्यावर होतं."

पुढचं सगळं नियमानं झालं. नीतिसमितीला कळवावं लागलं. चांदसाबांनी दीड पानाचा कबुलीजबाब लिहून दिला. त्यात एक पान दाब मोजण्याची योग्य पद्धत होती, कारण निदान ती तरी आपण कधी मोडली नाही हे समितीला कळावं असं त्यांना वाटलं. एकशे सतरा नंबर प्रकल्पातून वगळला. चांदसाबांनी आणलेल्या नळ्यांपैकी तीस जणांचं रक्त दुसऱ्या माणसाकडून पुन्हा घेतलं. तीसही बरोबर निघाले. समितीनं त्यांना काढलं नाही, पण सुई काढून घेतली. आता ते फक्त दाब मोजतात. त्यांच्या जागी रक्त घ्यायला आलेल्या मुलीला मराठीच येते आणि तिनं टोचलेलं लोकांना लगेच कळतं.

रुद्रप्पा प्रकल्पात नाहीत, पण पथ्यात आहेत. सुंदरम्मांचं म्हणणं, कागद खोटा होता तरी गुण खरा आला. त्यावर रुद्रप्पा ताकाचा पेला तोंडाला लावतात. चांदसाबांना त्या घरी आता आळणी ताक मिळतं आणि दोघं समोरासमोर बसून ते पितात. झीनतभाभींना सगळं कळलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत. त्यांनी सकाळच्या गोळीची डबी चहाच्या कपावर झाकणासारखी ठेवायला सुरुवात केली, म्हणजे डबी उचलल्याशिवाय चहा पिता येत नाही.

मागच्या महिन्यात प्रकल्पाचा निष्कर्ष तयार झाला. एकशे नव्व्याण्णव जणांत सीआरपी जास्त असलेल्यांचा दाबही साधारणपणे जास्त निघाला. मॅडमनी सगळ्या स्टाफला बोलावून आलेख दाखवले. चांदसाब पुढच्या खुर्चीत बसले होते. शेवटी मॅडम म्हणाल्या, "कुणाला काही विचारायचंय?"

"माझ्या चार पॉइंट सहाचा अर्थ काय मग, मॅडम?"

"एकट्या माणसाबद्दल हा आलेख फार काही सांगत नाही, चांदसाबभाई. तो गर्दीबद्दल बोलतो. तुमचा दाब मात्र तुमच्याबद्दल बोलतो. गोळी चालू आहे ना?"

"चालू हाय." त्यांनी पडद्यावरच्या आलेखाकडं बोट केलं. "पण मॅडम, दोनी संगं वाढतात म्हणता, ते पटलं. आमच्या अब्बांचं वजन तर तुमच्या यादीत बसण्याएवढंच होतं. माझं एकच इचारायचं हाय. आधी रक्तात हे वाढतं आन मग दाब चढतो, का आधी दाब चढतो आन मग रक्तात हे वाढतं?"

मॅडम म्हणाल्या की ते सांगायला हीच माणसं दहा वर्षं तपासत राहावी लागतील. चांदसाबांनी मान हलवली. आम्ही सगळे उठलो, कुणीतरी पडदा गुंडाळला. जिन्यात त्यांनी मला थांबवलं. तुम्ही संगणकवाले आहात, म्हणाले, आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला: "आधी काय वाढतं?"